वर्ष सरलं, आता पुढं

पूर्णा तालुक्यातल्या चुडाव्याहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. ज्यांच्या घरातला कर्ता माणूस गेल्या वर्षभरात गेला, त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे. त्यांच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठीही आहे, कारण असं वर्ष एकट्या बाईला ओढून नेता येत नाही.

आपल्याकडं माणूस गेला की दहावा होतो, तेरावा होतो, मग वर्षश्राद्धापर्यंत घर सुतकात असल्यासारखंच असतं. सण साजरे होत नाहीत, लग्नकार्य पुढं ढकललं जातं. या रीतीत चांगलंही आहे. रडायला मोकळीक मिळते, पाहुणे येतात, शेजारणी भाकरी-पिठलं आणून देतात. पण तेराव्यानंतर मांडव निघतो आणि माणसंही पांगतात. महिन्याभरानं दारात कुणी येत नाही. आणि नेमकं तेव्हाच खरं काम सुरू होतं.

आम्हाला असं दिसलं की त्या बाईपुढं दोन कॅलेंडरं असतात. एक मनाचं. ते आपल्या चालीनं चालतं, त्याला घाई करता येत नाही. दुसरं कचेरीचं. ते कुणासाठी थांबत नाही. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करायची असते. जमिनीवर वारस लावायचा अर्ज तलाठ्याकडं तीन महिन्यांत द्यायचा असतो. ज्या बाईला सकाळी चूल पेटवायचं सुचत नाही, तिनं हे लक्षात कसं ठेवायचं? म्हणून आमच्या गटानं ठरवलं, मनाचं कॅलेंडर तिचं तिनं सांभाळावं, कचेरीचं आपण सांभाळू. कुणाच्या घरी असं झालं की तेराव्यानंतर दोघी जणी एक प्लास्टिकची पिशवी घेऊन जातात आणि घरातले सगळे कागद तिच्याबरोबर बसून त्या पिशवीत लावतात.

त्या पिशवीत काय असावं ते सांगतो, लिहून घ्या. मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच प्रती. दोघांचं आधार, रेशनकार्ड, सात-बारा आणि आठ-अ. त्यांची सगळी पासबुकं. मुलांचे जन्माचे दाखले.

पासबुक हातात घेतलं की मे-जूनच्या पानावर बोट ठेवून पाहा. तिथं ४३६ रुपये कापलेले दिसले तर तो प्रधानमंत्री जीवनज्योती विमा असतो. माणूस कशानंही गेला तरी त्याचे दोन लाख वारसाला मिळतात. २० रुपये कापलेले असतील तर तो सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूसाठी, तोही दोन लाखांचा. पुष्कळ घरांत हा विमा होता हे बाईला माहीतच नसतं. बँक आपणहून घरी सांगायला येत नाही, आपल्यालाच अर्ज घेऊन जावं लागतं.

घर दारिद्र्यरेषेखालचं असेल आणि कमावता माणूस साठीच्या आत गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २० हजार रुपये एकदा मिळतात. संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. हे दोन्ही अर्ज तहसीलला. शेतात वीज पडून, साप चावून किंवा रस्त्यावर अपघात होऊन शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून दोन लाख आहेत, त्याचा अर्ज कृषी खात्यामार्फत जातो. लेकरांसाठी बालसंगोपन योजना आहे, ती महिला व बालविकास खात्याकडं.

आता जमिनीचं. इथं आवाज जरा वाढवून सांगतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणं नवरा मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या नावावरच्या जमिनीत बायको, मुलगे, मुली आणि नवऱ्याची आई यांचा सारखा वाटा असतो. दिराचा त्यात वाटा नाही. जमीन अजून सासऱ्याच्या नावावर असेल तर गोष्ट वेगळी असते, ती तालुक्याच्या विधी सेवा समितीत फुकट विचारता येते. पण नवऱ्याच्या नावावर असेल तर साध्या अर्जावर वारस लागतो. तलाठी नोटीस काढतो, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात.

आमच्या गटातल्या एका ताईचं सांगतो. नाव सांगत नाही. तेराव्याच्या दिवशी, पंगत उठायच्या आत, घरातल्याच एका माणसानं तिच्यापुढं कागद ठेवला. बँकेत पैसे काढायला लागतो म्हणाला. ताई सातवी शिकलेली, पण त्या दिवशी अक्षरं दिसत नव्हती. शेजारी बसलेल्या आमच्या सचिवानं कागद वाचला. वर 'हक्कसोड पत्र' लिहिलेलं होतं. तिनं आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली, "भाऊजी, आज राहू द्या. चष्मा घरी राहिला. दोन दिवसांनी बघू." ते दोन दिवस पुरले. हक्कसोड पत्र नोंदणी कार्यालयात जाऊन नोंदवल्याशिवाय पक्कं होत नाही, हे ताईला तेव्हा कळलं. ती गेली नाही. चार महिन्यांनी सात-बारावर तिचं, सासूबाईंचं आणि दोन लेकरांचं नाव लागलं.

यात गोड शेवट नाही. त्या घरानं तिच्याशी बोलणं सोडलं. पेरणीला बैल दिले नाहीत, ट्रॅक्टर भाड्यानं आणावा लागला. शेताच्या वाटेवरून अजून कुरबूर आहे. पण सोयाबीनचे पैसे तिच्या खात्यात आले, आणि पुढच्या वर्षी पीककर्ज मागायला ती स्वतः बँकेत गेली. सात-बारावर नाव नसतं तर या दोन्ही गोष्टी झाल्या नसत्या.

कागदांनंतर कर्ज. माणूस गेला की देणेकरी दारात येतात, खरे आणि खोटे दोन्ही. तुमच्यावर पाच हजार होते, पन्नास हजार होते, असं तोंडी सांगतात. त्यांना एकच उत्तर द्या, कागद दाखवा. नवऱ्यानं घेतलेल्या कर्जावर तुमची सही नसेल, तुम्ही जामीन नसाल, तर त्यांच्या मागं जेवढी मालमत्ता तुम्हाला आली तेवढ्यापुरतंच ते देणं असतं. तुमच्या स्वतःच्या मजुरीतून, गटाच्या बचतीतून किंवा माहेरच्या दागिन्यांतून ते कुणी वसूल करू शकत नाही. आणि कर्ज घेताना त्याला विमा जोडलेला होता का, तेही विचारा. पुष्कळदा असतो.

गटानं काय करावं? आमच्याकडं अशा ताईची तीन महिन्यांची बचत गट भरतो आणि हप्ता पुढं सरकवतो, तसा ठराव वहीत लिहितो. उपकार म्हणून कुणी बोलायचं नाही, हेही ठरलंय. मात्र बैठकीला ती आलीच पाहिजे असा आग्रह धरतो. बोलली नाही तरी चालेल. आठवड्यातून एक तास घराबाहेर, बायांमध्ये बसणं, एवढं जरी टिकलं तरी बाई सावरते, हे आम्ही अनेकदा पाहिलं. पहिल्या काही महिन्यांत तिला मोठं कर्ज मात्र देत नाही. शेळ्या घे, शिलाई मशीन घे, दुकान टाक, असं जो तो सांगत असतो. त्या दिवसांत घेतलेली शेळी पुष्कळदा औषधपाण्याला विकली जाते. तसंच पहिल्या वर्षात जमीन विकू नये, सोनं मोडू नये, शेत लांबच्या मुदतीनं कुणाला देऊ नये. बटईनं द्यायचंच असेल तर एका हंगामापुरतं, आणि लिहून.

सासूबद्दल एक गोष्ट. आपण सासूला या गोष्टीत वैरीण करून टाकतो. पण तिचा मुलगा गेलाय. जमिनीत तिचाही तेवढाच वाटा आहे. बऱ्याच जणी स्वतःच विधवा असतात आणि त्यांच्या वेळी त्यांचं नाव कुठंच लागलं नव्हतं. सून आणि सासू एका बाजूला बसल्या तर घर मोडत नाही. आम्ही म्हणून कागदाची पिशवी लावताना आत्याबाईंनाही शेजारी बसवतो आणि त्यांच्यासमोर वाचून दाखवतो.

आता रीतीचं बोलू. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. त्या ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी ठराव केला, की आमच्या गावात हे होणार नाही. ते राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं वर्ष होतं. त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. म्हणजे कागदावर वाट मोकळी आहे.

पण महालक्ष्म्या आल्या, संक्रांत आली की कागद बाजूला राहतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या ग्रामसंघात विषय निघाला की संक्रांतीच्या वाणाला सगळ्यांना बोलवायचं, नवरा असो नसो. अर्ध्या बाया गप्प. काही उठून गेल्या. एक म्हातारी मावशी, स्वतः तीस वर्षांपासून विधवा, म्हणाली, "मला काही वाटत नाही माय, पण लोक तुमच्या लेकरांना नावं ठेवतील." शेवटी बोलावलं. चौघी आल्या, दाराजवळ बसल्या. दोघींनी हळद-कुंकू लावून घेतलं. एकीनं फक्त तिळगूळ आणि वाण घेतलं, कुंकवाला नको म्हणाली. चौथी लवकर उठून गेली. आम्ही कुणाला आग्रह केला नाही. कपाळ तिचं आहे. लावायचं की नाही ते तिनं ठरवायचं. पुसायला लावणं जसं जुलमाचं, तसं लावायला लावणंही. गेल्या संक्रांतीला नऊ जणी होत्या आणि दाराजवळ कुणी बसलं नव्हतं.

दुसरं लग्न हाही विषय आहे. कायद्यानं १८५६ पासून विधवेला लग्नाची मोकळीक आहे, आणि आपल्या अनेक समाजांत पाट लावायची रीत त्याच्याही आधीची आहे. एक माहिती असू द्या. नवऱ्याच्या मालमत्तेत जो वाटा तुम्हाला मिळाला, तो दुसरं लग्न केल्यानं जात नाही. तरुण पोरीला तिच्या मनाविरुद्ध दिराच्या गळ्यात बांधणं किंवा तिला कायम घरात बसवणं, दोन्ही तिला विचारून व्हायला हवं.

पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १८८२ मध्ये त्यांचे पती गेले. आईवडील दुष्काळात गेले होते, भाऊही गेला होता. पदरात वर्षाचंही न झालेलं लेकरू. त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या, स्त्रियांची सभा काढली, आणि मुलींच्या शिक्षणाबद्दल सरकारच्या हंटर आयोगापुढं साक्ष दिली. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी पुढं महर्षी कर्व्यांची पत्नी झाली, बाया कर्वे. आपण सगळ्या रमाबाई होणार नाही. पण एक पाहा, त्या पुण्यात आल्या तेव्हा त्यांना घरात घेणारी, ऐकून घेणारी माणसं होती. आपल्या गावात ते काम गटाचं आहे.

ज्या नवऱ्यानं टाकलेल्या आहेत, किंवा मार सोसून माहेरी परत आल्या, त्यांच्यासाठी कुणी तेरावा करत नाही. भाकरी आणून द्यायलाही कुणी येत नाही. उलट "काय झालं गं?" म्हणून विचारणाऱ्या येतात. त्यांचंही ते वर्ष तेवढंच जड असतं. रेशनकार्डावर नाव, मुलांच्या शाळेचे दाखले, पोटगीचा अर्ज, ही पिशवी त्यांचीही लावून द्यायची आहे. आणि ज्या घरात माणसानं स्वतःचा जीव घेतला, त्या घरी गेलात तर कसं झालं, का झालं, हे विचारू नका. त्या बाईनं ते पोलिसांना, तलाठ्याला, पाहुण्यांना सांगून झालेलं असतं. जेवलीस का, एवढं विचारा.

शेवटी, ज्यांचे मालक धडधाकट आहेत त्यांच्यासाठी काम. अशुभ म्हणू नका. या आठवड्याच्या बैठकीला घरातलं पासबुक घेऊन या, ४३६ आणि २० रुपये कापले जातात का ते पाहा. जमीन कुणाच्या नावावर आहे ते सात-बारावर वाचा. १९९० च्या आसपास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली होती, गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा केला होता. आपल्या घरी तसं बोलणं काढायला काय हरकत आहे?

आणि गल्लीत एखादीचं वर्ष नुकतंच सरलं असेल तर बैठकीला जाताना तिच्या दारावरून जा. "चल गं" म्हणा. ती आज आली नाही तर पुढच्या आठवड्यात परत म्हणा.