वॉर्डातला प्रश्न कुणी विचारायचा? नर्सिंग संशोधन आणि शेअर्ड गव्हर्नन्स

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागच्या भागात बोलता बोलता मी 'शेअर्ड गव्हर्नन्स' असा शब्द वापरला आणि पुढे निघून गेले. त्यावर बऱ्याच जणींनी विचारलं, की सिस्टर, हे नक्की काय असतं? एकीनं तर विचारलं, "मीटिंगा वाढवायचं नवीन नाव आहे का?" खरं सांगायचं तर काही ठिकाणी ते तेवढंच असतं. पण तेवढंच नसावं, म्हणून आजचा भाग. त्यातही मी फक्त संशोधनाबद्दल बोलणार आहे. म्हणजे वॉर्डात कुठल्या प्रश्नाचा शोध घ्यायचा, हे ठरवतं कोण?

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

२००२ साल. मी नवीनच लागले होते, महाराष्ट्रातल्या एका रुग्णालयात. मेडिकल वॉर्ड, नाइट ड्यूटी. पक्षाघात झालेले एक आजोबा होते, गिळता येत नव्हतं. त्यांना रायल्स ट्यूब घालायची होती. मी घातली. मग आपण सगळ्या शिकलो तसंच केलं: सिरिंजनं हवा सोडली, पोटावर स्टेथोस्कोप ठेवला, गुडगुड ऐकली. छान ऐकू आली. ट्यूब पोटात आहे असं मी सांगितलं, चिकटपट्टी लावली आणि फीड तयार करायला गेले.

आजोबांना थोडा खोकला येत होता. त्यामुळे डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढायला सांगितला होता. फीड लावण्याआधी तो आला. ट्यूब उजव्या फुप्फुसात होती.

मी ट्यूब काढली. आजोबांना काही झालं नाही. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "नशीब म्हणायचं त्यांचं. पुढच्या वेळी नीट ऐक." बस, विषय संपला. कुठल्याही रजिस्टरमध्ये नोंद झाली नाही. मी नीट ऐकलं नव्हतं, असं मीही धरून चालले. कित्येक महिने मी ती गुडगुड जास्त लक्ष देऊन ऐकायची. पण मला ऐकू आलं होतं हो! फुप्फुसात सोडलेल्या हवेचा आवाजही पोटावर ऐकू येऊ शकतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढे २०१० मध्ये मी अमेरिकेत आले, मिडवेस्टमधल्या एका रुग्णालयात. तिथल्या लायब्ररीत एक शोधनिबंध हाती आला. नॉर्मा मेथेनी या नर्स-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, 'नर्सिंग रिसर्च' या नियतकालिकातला. नळीत हवा सोडून आवाज ऐकण्याची पद्धत किती भरवशाची आहे, हे त्यांनी तपासलं होतं. निष्कर्ष असा, की नळी पोटात आहे, आतड्यात आहे की श्वसनमार्गात, हे त्या आवाजावरून खात्रीनं सांगता येत नाही. निबंधाचं साल होतं १९९०.

म्हणजे बघा, माझ्या त्या रात्रीच्या आधी उत्तर छापून बारा वर्षं झाली होती. आणि ते शोधलं होतं एका नर्सनं. ब्रिटनमध्ये तर २००५ साली नॅशनल पेशंट सेफ्टी एजन्सीनं ही पद्धत वापरू नका असं बजावलं. त्याऐवजी नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच पाहा, आणि गरज पडेल तिथे एक्स-रे काढा. (लगेच उद्या जाऊन कुणी मनानं काही बदलू नका. आपल्या रुग्णालयाचा प्रोटोकॉल काय आहे ते बघा, आणि तो जुना असेल तर त्याबद्दल विचारा.)

मला राग आला तो यासाठी, की प्रश्न माझ्याकडे होता आणि उत्तर जगात होतं. मधला रस्ताच नव्हता. हा रस्ता बांधायचा, तर तो बांधायचा अधिकार कुणाकडे, हे आधी ठरवावं लागतं.

आता थोडा इतिहास. अमेरिकेत १९८० च्या सुमारास नर्सेसची फार टंचाई होती. तेव्हा अमेरिकन अॅकॅडमी ऑफ नर्सिंगनं उलटा प्रश्न विचारला. नर्सेस सोडून का जातात हे सोडून द्या, कुठल्या रुग्णालयांत त्या टिकतात ते बघू. १६३ रुग्णालयांचा अभ्यास झाला, त्यातली ४१ 'मॅग्नेट' ठरली, म्हणजे लोहचुंबकासारखी. १९८३ मध्ये तो अहवाल आला. त्या रुग्णालयांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: नर्सेसच्या कामाबद्दलच्या निर्णयात नर्सेसचा आवाज होता.

पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, टिम पोर्टर-ओग्रेडी यांचं शेअर्ड गव्हर्नन्सवरचं पुस्तक आलं. त्यांची मांडणी चार शब्दांत सांगतात: भागीदारी, समन्याय, उत्तरदायित्व आणि मालकी. कागदावर छान दिसतात हे शब्द. प्रत्यक्षात अर्थ असा, की रुग्णसेवेचा व्यावसायिक निर्णय त्या कामाच्या जवळ असलेल्यांनी घ्यायचा, आणि त्याची जबाबदारीही त्यांनीच घ्यायची. निर्णय वरून आला, तर जबाबदारीही 'वरच्यांची' म्हणून झटकता येते. इथे ती पळवाट राहत नाही.

यासाठी कौन्सिलं असतात. एक प्रॅक्टिसचं, एक क्वालिटीचं, एक शिक्षणाचं, एक संशोधनाचं. संशोधन कौन्सिलमध्ये बहुमत बेडसाइडला काम करणाऱ्या नर्सेसचं. अध्यक्षही त्यांच्यातलीच. मॅनेजर असतात, पण सल्लागार म्हणून. बाहेरची एखादी पीएच.डी. झालेली नर्स मार्गदर्शक असते. कौन्सिल ठरवतं की यंदा कुठल्या प्रश्नांवर काम करायचं, वॉर्डात कुणाचा अभ्यास आला तर तो पेलवेल का, कुणाला मदत लागेल. आणि काय ठरवत नाही? पगार नाही, भरती नाही, आणि नैतिक मंजुरी तर अजिबात नाही. ती एथिक्स कमिटीकडेच.

१९९४ मध्ये सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन मेडिकल सेंटरला पहिली अधिकृत मॅग्नेट मान्यता मिळाली. २००८ मध्ये त्या मान्यतेचं नवं मॉडेल आलं, त्यातल्या पाच घटकांपैकी एक होता नवं ज्ञान आणि नवे प्रयोग. म्हणजे नर्सिंग संशोधन दाखवणं भाग झालं. चांगलंच झालं. पण जिथे 'दाखवणं भाग' असतं, तिथे दाखवण्यापुरतं करणंही सुरू होतं. आपल्याकडे नॅकची टीम यायची असली की कॉलेजात कशी रंगरंगोटी होते, तसंच.

माझा अनुभव सांगते. मी संशोधन कौन्सिलवर गेले तेव्हा आमच्या वॉर्डातल्या एका नाइटच्या नर्सनं प्रश्न आणला. पहाटे चार वाजता आपण सगळ्या पेशंटना उठवून बीपी, टेंपरेचर घेतो. जे स्थिर आहेत, त्यांनाही का उठवायचं? त्यांना झोपू दिलं तर?

प्रश्न साधा आणि चांगला. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण कौन्सिलची मीटिंग असायची बुधवारी दुपारी दोनला. ती बिचारी रात्रपाळी करून, घरी जाऊन, मुलांचं आवरून दोनला परत यायची. दोनदा आली, तिसऱ्यांदा आली नाही. मी फोन केला तर म्हणाली, "तुम्ही मला मत दिलंत, पण झोप माझीच घेतलीत. आणि प्रश्न झोपेचाच होता ना?"

मला हसूही आलं आणि लाजही वाटली. मग भांडून आम्ही दोन गोष्टी बदलून घेतल्या. एक, एक महिना सोडून एक मीटिंग सकाळी साडेसातला, नाइट सुटल्या सुटल्या. दुसरी, मीटिंगचा वेळ ड्यूटीत धरायचा, त्याचे पैसे द्यायचे. ही दुसरी गोष्ट मिळवायला पहिलीच्या तिप्पट वेळ लागला. तेव्हा कळलं, की कौन्सिल खरं आहे का हे बघायचं तर त्याचं घोषवाक्य बघू नये, ड्यूटी रोस्टर बघावं.

पुढे डॉक्टरांशी बोललो, कारण चारचं बीपी घेऊ नका ही ऑर्डर त्यांची. एथिक्सच्या कार्यालयाकडे कागद पाठवले. त्यांनी सांगितलं, हे संशोधनात मोडत नाही, सेवा सुधारण्याच्या कामात मोडतं. हा फरक आपल्याकडे फार जणी गोंधळून टाकतात. सर्वांना उपयोगी पडेल असं नवं ज्ञान शोधायचं, ते संशोधन. आपल्याच वॉर्डातलं काम सुधारायचं, ते क्वालिटीचं काम. आणि दुसऱ्यांनी शोधलेलं आपल्या कामात आणायचं, ती पुराव्यावर आधारित सेवा. तिन्ही मोलाची, पण नियम वेगळे.

आम्ही स्थिर पेशंटना चारला उठवणं थांबवलं आणि सकाळी झोपेबद्दल विचारत गेलो. निकाल? फरक पडला नाही. पेशंट म्हणाले, झोप कुठली, पंपाचे अलार्म वाजतात, दार आपटतं, लाइट असतो.

आता आली खरी परीक्षा. मॅग्नेटची कागदपत्रं तयार होत होती. वरून सुचवलं गेलं, की पोस्टर जरा 'सकारात्मक' करा. पेशंट समाधानी आहेत एवढंच लिहा. कौन्सिलमध्ये तासभर वाद झाला. काही जणींना वाटलं, काय बिघडतं? शेवटी मतदान घेतलं. आहे तसंच लिहायचं ठरलं. आमच्या डायरेक्टर नाराज होत्या. पण त्या म्हणाल्या, "निर्णय तुमचा आहे, मी थांबवणार नाही." त्या वाक्याला मी आजही मान देते. सत्ता वाटून घ्यायची म्हणजे न पटलेल्या निर्णयालाही वाट द्यायची. आणि त्या नकारात्मक निकालामुळेच पुढचा प्रश्न सापडला, पंपाच्या अलार्मचा.

रॉबर्ट हेस यांनी १९९८ मध्ये शेअर्ड गव्हर्नन्स मोजायची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, ८६ प्रश्नांची. निर्णयावर ताबा कुणाचा, माहिती कुणाला मिळते, साधनं कुणाच्या हातात, असं ती विचारते. सगळे ८६ प्रश्न राहू द्या. मी एकच विचारते: तुमच्या कौन्सिलनं गेल्या वर्षी असा एक तरी निर्णय घेतला का, जो वरिष्ठांना आवडला नाही आणि तरी अमलात आला?

आता आपल्याकडे येऊ. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. "सिस्टर, इथे चाळीस पेशंटना आम्ही दोघी, कसलं कौन्सिल घेऊन बसलात?" बरोबर आहे. वेळ न देता कौन्सिल काढणं म्हणजे बिनपगारी आणखी एक काम. म्हणून पहिली मागणी वेळेचीच करा.

पण दुसरी बाजूही सांगते. संशोधनानं काम वाढतंच असं नाही. पूर्वी हाताच्या शिरेतला कॅन्युला बंद राहू नये म्हणून हेपॅरिननं फ्लश करायची पद्धत होती. १९९१ मध्ये कोलीन गूड आणि सहकारी नर्सेसनी तोवरचे अभ्यास एकत्र करून दाखवलं, की त्यासाठी साधं सलाइनही तेवढंच चालतं. एक औषध कमी, त्याचा धोका कमी, खर्च कमी. आपल्या दिवसातली अशी किती कामं आहेत, जी कुणी तपासलेलीच नाहीत?

आपल्या एम.एस्सी. नर्सिंगच्या मुली मेहनतीनं प्रबंध लिहितात. त्यातले किती 'अमुक विषयावरील स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रामची परिणामकारकता' असे असतात, मोजून बघा. त्या मुलींना दोष नाही. विषय कॉलेजात ठरतो, वॉर्ड फक्त सही आणि शिक्का देतो. वॉर्डातल्या सिस्टरला कुणी विचारतच नाही, की बाई गं, तुला कशाचं उत्तर हवंय? कॉलेज आणि वॉर्ड एकत्र बसून दरवर्षी दोन विषय जरी वॉर्डानं सुचवले, तरी प्रबंध कपाटातून बाहेर येतील.

मोठी रचना नंतर. सुरुवातीला नर्सेस स्टेशनवर एक वही ठेवा. 'हे आपण का करतो?' असं वर लिहा. जिला प्रश्न पडेल तिनं लिहावा, नाव लिहायची सक्ती नको. महिन्यातून एकदा, ड्यूटीच्या वेळात, त्यातला एक प्रश्न घ्या. उत्तर आधीच कुठे छापलंय का ते शोधा. आणि आधीच मेट्रनकडून लेखी घ्या, की यातलं काय आम्ही ठरवू आणि काय तुम्ही. हे शेवटचं विसरू नका. ते नसेल तर वहीची सूचनापेटी होते, आणि सूचनापेटीचं काय होतं ते आपल्याला ठाऊकच आहे.

ते आजोबा नंतर बरे होऊन घरी गेले. जाताना मला म्हणाले, "पोरी, नळी घालताना तुझा हात हलका होता बघ." त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्या वॉर्डात तशी एखादी वही असती, तर त्या रात्री मी त्यात लिहिलं असतं, 'गुडगुड ऐकू आली, तरी नळी फुप्फुसात होती. असं का?' कुणीतरी शोधलं असतं. उत्तर बारा वर्षं तयारच होतं.

तुमच्या वॉर्डातलं असं एक काम आम्हाला नक्की कळवा. त्यातला एखादा प्रश्न घेऊन पुढच्या भागात आपण मिळून उत्तर शोधू. तोवर काळजी घ्या, आणि नाइटवाल्यांनो, जमेल तेव्हा झोपून घ्या. नमस्कार.