सागरी सहल आणि विमा

'रामदास' हें नांव निघालें कीं गिरगांव-परळांतील जुनीं माणसें आजही क्षणभर गप्प होतात. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. सहकुटुंब सागरी सहलीस निघतांना विमा आठवतो तो बहुधा अशाच भयानें. परंतु तो निवडावयाचा बुडण्याकडे पाहून नव्हे, तर आजारपणाकडे व मोडलेल्या बेताकडे पाहून. जानेवारी २०२२ मध्यें मुंबईहून गोव्यास गेलेल्या 'कॉर्डेलिया' बोटीवर ६६ जण करोनाबाधित निघाले आणि बोट मुंबईस परत आणावी लागली. तेव्हां सहल अर्ध्यावर मोडल्यास काय मिळेल, बोटीवरील डॉक्टरचें बिल कोण देईल, रोग्यास किनाऱ्यावरील इस्पितळांत हलविण्याचा खर्च विम्यांत धरला आहे काय, हें पैसे भरण्यापूर्वीं वाचावें. हप्ता वाढूं नये म्हणून मातोश्रींचा मधुमेह अर्जांत लपविणारे चिरंजीवही असतात. मग दावा नाकारला गेला कीं कंपनीच्या नांवानें बोटें मोडतात! विमापत्राची एक प्रत मात्र घरीं राहणाऱ्यांजवळ ठेवावी. भर समुद्रांत फोन लागेलच असें नाहीं.