बंद पडायच्या आधी काय झालं?



काम चाललेलं असतं आणि कॉम्प्युटर एकदम बंद पडतो. पडदा काळा, पंख्याची घरघर थांबलेली, डोक्यावरचा दिवा मात्र चालूच. मग आमच्याकडे फोन येतो, "दादा, कॉम्प्युटर गेला." गेली २२ वर्षं मी दुरुस्तीच्या टेबलावर बसतोय, आणि या फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. बंद पडायच्या आधी तो किती वेळ चालला? तेव्हा काय काम चालू होतं? निम्मं निदान या दोन उत्तरांतच मिळतं.

दोन वर्षांपूर्वी, ऐन लग्नसराईत, लग्नपत्रिका करून देणारे एक काका आले. दुसरीकडे एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, बदलून झाला होता, पैसे गेले होते आणि कॉम्प्युटर बंद पडतच होता. गिऱ्हाइकं दारात उभी. मी विचारलं, किती वेळ चालतो? म्हणाले, "सकाळी लावला की वीस मिनिटं. लगेच पुन्हा लावला तर पाच. मग दोन." मशीन गार असलं की जास्त चालतं, गरम असलं की कमी. म्हणजे हा उष्णतेचा मामला.

कॅबिनेट उघडलं. दुकानात ते देवाच्या फोटोखालीच ठेवलेलं असायचं. रस्त्याची धूळ आणि उदबत्तीचा धूर मिळून प्रोसेसर गार ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांवर राखाडी, चिकट थर बसला होता. तो ब्रशनं काढला तेव्हा खरं कारण दिसलं. हीटसिंक बोर्डावर बसवायला चार कोपऱ्यांना प्लॅस्टिकच्या चार पिना असतात, त्यातली एक निसटली होती. हीटसिंक एका बाजूनं जेमतेम केसभर उचलला गेलेला, आणि खालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. प्रोसेसर साधारण १०० अंश सेल्सिअसच्या पलीकडे गेला की जळू नये म्हणून वीज तोडली जाते. काकांचं मशीन दिवसातून दहा वेळा स्वतःला वाचवत होतं. जुनी पेस्ट पुसली, मसुरीच्या दाण्याएवढी नवी लावली, पिना टक्‌ आवाज येईपर्यंत दाबल्या. त्या मोसमातल्या पत्रिका त्याच मशीनवर झाल्या.

मात्र वेळेचा असा काही नेम नसेल, तर शोध भिंतीपासून सुरू करा. "लाइट तर गेली नव्हती," असं लोक सांगतात आणि ते खरंच सांगतात. आपली वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तनांची. एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. पूर्ण भार असताना वीज तुटली तर एसएमपीएस जेमतेम तेवढाच वेळ तग धरतो. सॉकेट सैल असेल, एक्स्टेन्शन बोर्डात ठिणगी पडत असेल, तर दिव्याकडे पाहून ते कळणारही नाही आणि कॉम्प्युटर बंद झालेला असेल. म्हणून एक्स्टेन्शन काढा, थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावून दिवसभर चालवून बघा. कॅबिनेटच्या मागची वायर नीट आत बसली आहे का, तेही हातानं दाबून बघा. पिन काळी पडली असेल तर वायरच बदला.

यूपीएसचंही तसंच. आतली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. यूपीएस सुरू दिसतो, हिरवा दिवा लागतो, पण वीज क्षणभर हलली की भार पेलत नाही. काम सेव्ह करून यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून बघा. कॉम्प्युटर त्याच क्षणी बंद पडला, तर बॅटरी संपली.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. लावल्यावर बरोबर चार-पाच सेकंदांनी बंद होत असेल, तर आधी समोरचं बटण बघा. ते आत अडकून राहिलं की मशीनला वाटतं, कुणीतरी मुद्दाम दाबून धरलंय, आणि ते बंद होतं. या एवढ्याशा कारणासाठी मदरबोर्ड बदलायला सांगितलेले लोक माझ्याकडे आलेत. त्याचा मला फार राग येतो.

गेम लावला, व्हिडिओ बनवायला घेतला की बंद, एरवी ठीक, असं असेल तर संशय एसएमपीएसवर जातो. पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट हवेत. मल्टिमीटरवर भार असताना ते ११.४ च्या खाली गेले, तर एसएमपीएस बदलायलाच हवा. हिरवी तार काळीला जोडून पंखा फिरवून दाखवतात, त्यावर विसंबू नका. त्यानं एसएमपीएस सुरू होतो एवढंच कळतं, ओझं पेलतो का ते कळत नाही. ओळखीच्या कुणाचा चांगला एसएमपीएस तासभर लावून बघणं, ही खरी परीक्षा. जुन्या बोर्डावर कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसतात का, हेही बघा.

विंडोजच्या नोंदवहीत 'कर्नल पॉवर ४१' असं लाल खुणेसह दिसलं की लोक घाबरतात. मशीन नीट बंद न होता थांबलं, एवढीच ती नोंद असते. कारण तिच्यात बहुधा नसतं, पण मशीन पुन्हा सुरू झालं ती वेळ असते. ती उतरवून घ्या.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. एसएमपीएसचा डबा घरी उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज साठलेली असते आणि प्लग काढल्यावरही ती काही काळ राहते.

आणि दुरुस्तीला येताना नुसतं कॅबिनेट मांडीवर घेऊन एसटीनं येऊ नका. त्याची वायर, एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएसही आणा, आणि कधी, किती वेळानं बंद पडला याचा कागद बरोबर ठेवा. कित्येकदा कॅबिनेट आमच्या टेबलावर दिवसभर नीट चालतं, आणि बिघाड घरी भिंतीपाशीच राहिलेला असतो.