पाहुणा चित्रकार आणि यजमान गाव

मध्यंतरी माझा एक जुना विद्यार्थी एक पत्र घेऊन घरी आला. डहाणूकडच्या पाड्यावरचा मुलगा, वारली चित्रं काढतो. जपानमधल्या एका खेड्यानं त्याला तीन महिने राहून चित्रं काढायला बोलावलं होतं. विमानाचं तिकीट, राहायला घर, वरखर्चाला पैसे, सगळं त्यांचं. बरोबर आई होती. तिनं विचारलं, "गुरुजी, पाठवू का याला?"

मी चित्रकलेचा शिक्षक. चटकन हो म्हणायला हवं होतं. ते जमलं नाही.

जपानची खेडी ओस पडत चालली आहेत. तरुण शहरात गेले, शाळांना कुलपं लागली. मग काही गावांनी रिकामी घरं नि शाळा चित्रकार-शिल्पकारांना उघडून दिल्या. आपला याच्याशी संबंध जुना आहे. निगाता प्रांतात तोकामाची नावाचं ठिकाण आहे, हिवाळ्यात माणूसभर बर्फ पडणारं. तिथल्या एका बंद शाळेत तोकिओ हासेगावा यांनी 1982 साली चक्क मिथिला चित्रांचं संग्रहालय काढलं. बिहारच्या गंगादेवी तिथं राहून चित्रं काढून आल्या. आपले जिव्या सोमा म्हसेही तिथं जाऊन आले. शेणानं सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठानं काढायची ती चित्रं, तिथं भल्यामोठ्या आकारात उतरली.

पण याच संग्रहालयात जुलै 2001 मध्ये जनगढसिंह श्याम यांनी आत्महत्या केली. मध्य प्रदेशातल्या पाटणगढचा हा गोंड चित्रकार. जे. स्वामीनाथन यांनी त्याला भोपाळच्या भारत भवनात आणलं आणि 1989 साली त्याची चित्रं पॅरिसच्या प्रदर्शनात लागली. चाळिशीच्या आतच गेला. घरी धाडलेल्या पत्रांतून परतायची ओढ दिसत होती, असं तेव्हा छापून आलं. दोष कुणाचा, हे सांगायचा अधिकार मला नाही. पण ते पत्र हातात घेतल्यावर मला जनगढच आठवला.

याची दुसरी बाजूही आहे. शिकोकू बेटावर कामियामा नावाचं डोंगराळ गाव आहे. 1955 च्या सुमारास वस्ती वीस हजारांवर होती, आता पाच हजारांच्या आसपास. 1999 पासून तिथले गावकरी दरवर्षी साधारण तीन कलावंतांना उन्हाळ्याच्या अखेरीस बोलावतात, शरद ऋतूत त्यांच्या कामाचं प्रदर्शन भरवतात. बडी नावं आणायला पैसा नव्हता. तेव्हा त्यांनी ठरवलं, पाहुण्याचा मुक्काम सुखाचा करू. गावातलीच माणसं त्याचे आईबाबा होतात. लाकूड कुठं मिळेल, सुतार कोण, डॉक्टर कुठं, सगळं तेच बघतात. या बेटावर अठ्ठ्याऐंशी मंदिरांची पायी यात्रा चालते आणि बारावं मंदिर याच गावात आहे. यात्रेकरूला खाऊपिऊ घालायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. वारीच्या वाटेवरच्या गावांना हे समजावून सांगायला नको!

मला वाटतं, फरक इथंच पडतो. चित्रकाराला खोली देणं सोपं आहे. संध्याकाळी ब्रश धुऊन झाल्यावर त्याच्याशी बोलायला कोण आहे? ज्याला इंग्रजीही येत नाही आणि जपानीही नाही, त्यानं पोटात दुखतंय हे कुणाला सांगायचं? आपल्याकडचे पाठवणारेही हे विचारत नाहीत. परदेशी निघाला म्हणून हारतुरे देऊन मोकळे होतात.

म्हणून आम्ही तिघांनी बसून उत्तर लिहिलं. दुभाषा रोज भेटेल का? मध्येच परत यावंसं वाटलं तर तिकिटाची तारीख बदलता येईल का? मुक्काम वाढवायचा झाला तर तो कुणी ठरवायचा? काढलेली चित्रं कुणाची? सोबत आणखी एक जण आला तर चालेल का? आईनं शेवटी एक वाक्य घालायला लावलं, की याला रविवारी घरी फोन करू द्यावा.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. दुभाषा आठवड्यातून तीनदा येईल, तारीख बदलता येईल, चित्रं निम्मी त्याची. सोबतीला मात्र पैसे नाहीत. फोनबद्दल लिहिलं होतं की रविवारीच का, रोज करा.

पोराचा पासपोर्ट अजून व्हायचा आहे. सोबतीच्या तिकिटासाठी मी दोन-चार ठिकाणी शब्द टाकून ठेवला आहे.