पात्यावर वाळू मारू नका

मंडळी, आज लोहारकामातली एक गोष्ट सांगतो.

सुरी तापवली, ठोकली, तिला पाणी दिलं, की पातं काळं पडतं. त्यावर पापुद्रा धरतो. तो कानशीने काढायचा म्हणजे हात भरून येतात. म्हणून काही कारागीर हवेचा मारा करतात. कॉम्प्रेसरची दाबाची हवा बारीक कण उचलते आणि बंदुकीच्या तोंडातून ते पात्यावर आपटते. थोड्या वेळात काळं जातं. पातं एकसारखं राखाडी दिसतं. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत टिल्घमन नावाच्या माणसाने १८७० साली तिचं पेटंट घेतलं. पंक्चरवाल्याचा छोटा कॉम्प्रेसर मात्र या कामाला पुरत नाही. हवा लगेच संपते.

आता कुणी म्हणेल, कण विकत कशाला आणायचे? ओढ्यात वाळू फुकट आहे!

नाही मंडळी. तिथेच घात आहे. वाळूचा कण लोखंडावर आपटला की फुटतो. त्याची धूळ होते. तिच्यातली सर्वांत बारीक धूळ डोळ्यांना दिसतही नाही. ती छातीत खोल जाते आणि तिथेच राहते. फुप्फुसं घट्ट होत जातात. चालताना दम लागतो. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. पुष्कळदा तो क्षयच वाटतो, आणि अशा माणसाला क्षय लवकर होतोही. सिलिकोसिस बरा करणारं औषध नाही. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही.

इंग्लंडने १९४९ साली कारखान्यांत अशा कामाला वाळू वापरायची बंदी केली. तुर्कस्तानात जीनच्या विजारी जुन्या दिसाव्यात म्हणून त्यांवर वाळू मारत. तरणी पोरं त्यात दगावली. तिथे २००९ साली बंदी झाली. विजार जुनी दिसावी म्हणून, बघा!

मग काय वापरायचं? ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण मिळतात. ते काळं लवकर काढतात. काचेचे बारीक मणी घेतले तर पातं जास्त मऊ दिसतं. "काच तरी वाळूचीच ना?" खरं आहे. पण ती वितळवून केलेली असते. तिची धूळ वाळूइतकी घातक नाही. तरी कोणतीच धूळ छातीत नको. म्हणून काम बंद पेटीत करा. पेटीला वर काच असते, पुढे दोन भोकं आणि त्यांना रबरी हातमोजे. धूळ ओढणारा पंखाही हवाच. काम थांबलं तरी पंखा थोडा वेळ चालू ठेवा, मगच झाकण उघडा.

मूठ बसवण्याआधी आणि धार लावण्याआधी मारा करा. धारेवर कण बसले तर ती बोथट होते. बंदूक फिरती ठेवा आणि दोन्ही बाजू सारख्या करा. एकाच बाजूला जास्त मारा झाला तर पातळ पातं वाकतं.

असं पातं खरखरीत असतं, म्हणून लवकर गंजतं. उघड्या हाताने धरू नका, घामाचे डाग उठतात. धूळ पुसून लगेच तेलाचा हात फिरवा. मग धार लावा.