आणि तसं झालं नाही तर?

हाताशी मिनिटं थोडी आहेत, म्हणून मी आज एकच गोष्ट सांगणार आहे, आणि ती दोन-तीनदा सांगणार आहे. रेडिओ ऐकताना कुकरची शिट्टी होते, दारावर कुणी येतं, आणि नेमकं महत्त्वाचं तेवढं सुटतं. तर ती गोष्ट अशी: शाळेत प्रोग्रॅमिंग शिकणारी मुलं ‘असं झालं तर हे कर’ हे झटकन लिहितात. ‘तसं झालंच नाही तर काय कर’ हे मात्र लिहायचं राहून जातं.

हे ज्या स्पर्धेत सगळ्यात लखलखीत दिसलं, ती हायस्कूलच्या मुलांची ‘झिरो रोबोटिक्स’. एमआयटी या अमेरिकी संस्थेने ती २००९ साली सुरू केली. अंतराळवीर ग्रेग शॅमिटॉफ यांचा त्या कल्पनेत मोठा वाटा. पहिल्या वर्षी आयडाहो राज्यातल्या दोनच शाळा होत्या. २०११ पासून युरोपातली मुलंही आली. अंतिम फेरीचं मैदान कुठलं, तर थेट आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक! तिथे एमआयटीची ‘स्फिअर्स’ नावाची तीन उपकरणं २००६ सालीच पोचली होती. वीतभर रुंदीची, पेन्सिल सेलवर चालणारी, कार्बन डायऑक्साइडचे फवारे सोडत स्थानकाच्या आत तरंगणारी. आसपास बसवलेल्या यंत्रांचे अल्ट्रासाउंड इशारे ऐकून ती आपली जागा ओळखत.

सामन्यात दोन उपकरणं समोरासमोर, एकेका बाजूचा एकेक प्रोग्रॅम. आधीच्या फेऱ्या कॉम्प्युटरवर, शेवटची वर. अंतराळवीर प्रोग्रॅम चढवणार आणि पंच म्हणून बघत राहणार. मुलांच्या हातात रिमोट नाही. त्यांनी लिहून पाठवलेला कोड दर सेकंदाला एकदा चालणार आणि पुढची हालचाल ठरवणार. मुलं खाली, पडद्यासमोर, हाताची घडी घालून.

मला यावर एस.टी.ने पाठवलेला डबाच आठवतो. शिकायला तालुक्याच्या गावी राहिलेल्या मुलाला आई सकाळच्या गाडीने डबा पाठवते. गाडी स्टँडवरून सुटली की त्या डब्यात चिमूटभर मीठसुद्धा घालता येत नाही. म्हणून सगळा विचार गाडी सुटायच्या आधी. रस्सा सांडेल, तर सुकी भाजी. गाडी घाटात अडकली तर दुपारपर्यंत आंबेल, म्हणून आज वरण नको, भाकरीबरोबर चटणी. आणि मुलगा स्टँडवर वेळेत आलाच नाही तर? म्हणून डब्यावर नाव आणि कंडक्टरला निरोप, ‘कँटीनवाल्याकडे ठेवा हो.’ हा शेवटचा निरोप फार मोलाचा. तोच आपल्या मुलांच्या प्रोग्रॅममध्ये नसतो.

मुलगा लिहितो: ठरल्या जागी जा आणि तिथलं काम कर. छान. पण प्रतिस्पर्ध्याने ती जागा आधीच अडवली असेल तर? अल्ट्रासाउंडचं माप सेकंदभर चुकलं तर? वाट्याला आलेलं इंधन संपत आलं तर? वर तरंगणारं उपकरण आपणहून थांबत नाही. पुढे सरकायला फवारा लागतो, तसा थांबायलाही उलटा फवारा लागतो. सगळं इंधन धावण्यात उडवलं, तर उपकरण थांबणार कशाने? कॉम्प्युटरवर शंभरदा जिंकलेला प्रोग्रॅम वर गेल्यावर गोंधळतो, तो अशाच ठिकाणी. तिथे कंडक्टरला निरोपच दिलेला नसतो.

ही चूक मुलांचीच असते असं समजू नका. ४ जून १९९६ रोजी युरोपचं ‘एरियन ५’ रॉकेट पहिल्याच उड्डाणात, चाळीस सेकंदांच्या आत भरकटलं आणि फुटलं. जुन्या ‘एरियन ४’मधला प्रोग्रॅम नव्या रॉकेटमध्ये तसाच ठेवला होता. नव्याचा वेग जास्त, त्यामुळे एक आकडा १६ बिटांच्या जागेत मावेना. मावला नाही तर काय करायचं, याची तजवीज नव्हती. कॉम्प्युटर बंद पडला. राखीव कॉम्प्युटर होता की! पण त्यातही तोच प्रोग्रॅम. म्हणजे सांडेल म्हणून डबे दोन पाठवले, आणि दोन्हींत रस्साच!

याउलट आपलं चांद्रयान. २०१९ मध्ये त्याचा ‘विक्रम’ हा लँडर चंद्रावर आदळला. पुढच्या खेपेला इस्रोने काय काय बिघडू शकेल, तिथूनच आखणीला सुरुवात केली. उतरायची जागा ५०० मीटरांच्या चौकोनाऐवजी चार किलोमीटर लांबीची धरली, इंधन वाढवलं, पाय भक्कम केले. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम चंद्रावर अलगद उतरला, हे मी सांगायला नको.

आणि आपल्या शाळांच्या प्रदर्शनात? मुलगी प्रोग्रॅम दाखवते, पाठ केलेला आकडा टाकते, उत्तर बरोबर येतं, टाळ्या. तिथे प्रोग्रॅमने वय विचारलं की मी उणे पाच टाकतो. प्रोग्रॅम कोलमडतो आणि सर माझ्याकडे रागाने बघतात. अहो सर, रागावू नका. मुलीच्या डोळ्यांकडे बघा, तिला आत्ता कुठे खरा प्रश्न सापडला आहे.

स्फिअर्स आता निवृत्त झाली. त्यांच्या जागी पंख्यांवर उडणारी ‘अ‍ॅस्ट्रोबी’ नावाची चौकोनी यंत्रं आली. त्यांच्यावर जपानची अवकाशसंस्था २०२० पासून आशिया-पॅसिफिकमधल्या विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा घेते. यंत्रं बदलली, पण गाडी सुटल्यावर मीठ घालता येत नाही, हे बदललेलं नाही. झिरो रोबोटिक्समध्ये पुढच्या टप्प्यात संघांच्या आघाड्या होत. कालचे प्रतिस्पर्धी आज एकाच कोडवर काम करत. दुसऱ्याने लिहिलेलं वाचून समजून घेणं हा तर... पण काचेपलीकडून मला खूण झाली आहे. तो विषय राहिला.

पालकांना एवढंच सांगतो: मूल ‘चाललं, चाललं!’ करत धावत आलं की शाबासकी द्याच, पण नाही चाललं तर काय होईल, तेही विचारा. आणि शिक्षकांना हात जोडून विनंती. उद्याच्या प्रॅक्टिकलला प्रत्येकाचा प्रोग्रॅम शेजारच्या मुलाला मोडायला द्या. मोडेल त्याला एक गुण, आणि आपला मोडलेला प्रोग्रॅम दुरुस्त करेल त्याला दोन.