डोळ्यांचा नंबर वारंवार बदलतो तेव्हा

(शिक्षक, पंचायत सदस्य आणि ग्रामपातळीवरील कर्मचारी यांच्या आरोग्यविषयक शिबिरात केलेले भाषण)



नेत्ररोग म्हटला की आपल्यासमोर मोतीबिंदू उभा राहतो. तो बहुधा उतारवयातला विकार आहे आणि त्याविषयी खेडोपाडी पुष्कळ जागृती झाली आहे. मी आज ज्या विकाराविषयी बोलणार आहे, तो मात्र ऐन उमेदीच्या वयात, शाळा-महाविद्यालयाच्या वर्षांत सुरू होतो. त्याचे नाव केराटोकोनस. मी वैद्यकीय व्यवसायातला नाही. तज्ज्ञांजवळ असलेली माहिती गरजवंताच्या दारापर्यंत पोहोचविणे, एवढेच माहिती खात्यातील माणसाचे काम. तेव्हा उपचार कोणता घ्यावा हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. उपचार निवडताना कोणते प्रश्न विचारावेत, हे सांगण्याचा प्रयत्न मी करणार आहे.

डोळ्याच्या अगदी पुढे, बुबुळावर, घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल म्हणतात. नेत्रदानात जे दिले जाते ते मुख्यत्वे हेच. मध्यभागी त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते; तरीही डोळ्यात शिरणारा प्रकाश वळविण्याचे दोन-तृतीयांश काम तेच करते. ग्रीक भाषेत 'केरास' म्हणजे शिंग आणि 'कोनोस' म्हणजे शंकू. या विकारात पारपटल पातळ होत जाते आणि गोलाई सोडून शंकूसारखे पुढे येते. जॉन नॉटिंगहॅम या इंग्रज वैद्याने १८५४ साली त्याचे सविस्तर वर्णन करून ठेवले आहे.

पारपटलाचा आकार बिघडला की प्रतिमा वेडीवाकडी पडते. फळ्यावरील अक्षरांना सावली दिसते, रात्री दिव्याभोवती किरणे फाकतात, चष्म्याचा तिरका नंबर, ज्याला सिलिंड्रिकल नंबर म्हणतात, तो दर वर्षी किंवा त्याहूनही लवकर बदलतो. पुढे पुढे कोणताही चष्मा लावला तरी स्वच्छ दिसत नाही. घरची माणसे म्हणतात, मुलाचे अभ्यासात लक्ष नाही. चष्मेवाला म्हणतो, नंबर पुन्हा वाढला. यातच दोन-तीन वर्षे निघून जातात, आणि नेमकी हीच वर्षे मोलाची असतात.

हा विकार आपल्याकडे अपूर्व आहे असे कोणी समजू नये. नागपूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात तीस वर्षांवरील ४,६६७ व्यक्तींच्या डोळ्यांची तपासणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. पारपटलाच्या वक्रतेचा जो निकष त्या पाहणीत धरला होता, त्यानुसार शेकडा २.३ व्यक्तींमध्ये हा विकार आढळला. वक्रतेचा निकष अधिक कडक केला की हे प्रमाण बरेच खाली येते, हे खरे. परंतु हा केवळ शहरातील किंवा परदेशातील रोग नाही, एवढे त्यावरून निश्चित होते.

आता उपचारांकडे वळू. रुग्णाच्या नातेवाइकांचा सर्वांत मोठा गोंधळ होतो तो दोन वेगळे प्रश्न एकत्र केल्यामुळे. पहिला प्रश्न : रोग वाढतो आहे काय, आणि तो थांबविता येईल काय? दुसरा प्रश्न : आज नीट दिसावे म्हणून काय करावे? जो उपचार रोग थांबवितो तो सहसा स्वच्छ दृष्टी देत नाही. आणि जो दृष्टी देतो तो रोग थांबवीत नाही. हा भेद ध्यानात आला की निम्मा निर्णय झाला म्हणून समजा.

रोग थांबविण्याचा उपचार म्हणजे क्रॉसलिंकिंग. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील संशोधकांनी तो विकसित केला आणि २००३ साली त्याचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेत त्याला २०१६ साली मान्यता मिळाली. आपल्या देशातील मोठ्या नेत्ररुग्णालयांतही तो केला जातो. मूळ पद्धतीत पारपटलावरील सर्वांत वरचा नाजूक थर दूर करतात, ब-२ जीवनसत्त्वाचे म्हणजे रिबोफ्लेविनचे थेंब घालतात आणि नंतर तीस मिनिटे मोजक्या तीव्रतेचे अतिनील किरण सोडतात. त्यामुळे पारपटलातील तंतू एकमेकांशी अधिक घट्ट जोडले जातात. झोळ पडलेल्या खाटेला खालून आडव्या दोऱ्या आवळल्या, तर झोळ पुढे वाढत नाही. परंतु पडलेला झोळ पुरता सरळही होत नाही. तसेच हे आहे. उपचारानंतर आकारात थोडी सुधारणा काहींना दिसते, पण चष्मा सुटेल या आशेने कोणी तो करवून घेऊ नये.

या उपचाराचे मोल वेळेवर अवलंबून आहे. ब्रिटनमध्ये १० ते १६ वर्षे वयाच्या ६० मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना क्रॉसलिंकिंग केले, त्यांच्यात अठरा महिन्यांत रोग वाढल्याचे प्रमाण शेकडा ७ होते. ज्यांना केवळ चष्मा वा कॉन्टॅक्ट लेन्स दिली गेली, त्यांच्यात ते शेकडा ४३ होते. शिवाय मूळ पद्धतीत वरचा थर काढल्यानंतर पारपटलाची जाडी किमान ४०० मायक्रॉन, म्हणजे ०.४ मिलिमीटर, असावी लागते. उशीर झाला आणि पारपटल फार पातळ झाले की हा मार्ग अवघड होतो. उपचारानंतर दोन-तीन दिवस डोळा दुखतो, काही काळ धूसर दिसते आणि क्वचित जंतुसंसर्गही होतो. म्हणून ठरलेल्या तपासण्या चुकविता कामा नयेत. प्रौढ वयात पोहोचलेल्या आणि रोग स्थिरावलेल्या रुग्णाला मात्र या उपचाराची गरज असेलच असे नाही. म्हणूनच रोग वाढतो आहे हे काही महिन्यांच्या अंतराने काढलेल्या पारपटलाच्या नकाशांवरून पडताळून पाहतात. लहान मुलांच्या बाबतीत मात्र फार काळ वाट पाहत नाहीत.

आता दुसरा प्रश्न, दिसण्याचा. सुरुवातीच्या अवस्थेत चष्मा पुरतो. तो पुरेनासा झाला की कठीण कॉन्टॅक्ट लेन्स उपयोगी पडते. खडबडीत फरशीवर पाणी साचले की वरचा पृष्ठभाग सारखा होतो. तसेच लेन्स आणि पारपटल यांच्यामधील पोकळी अश्रू भरून काढतात आणि प्रकाशाला गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. १८८८ साली युरोपात काचेच्या पहिल्या लेन्स वापरल्या गेल्या, त्या वेळीही केराटोकोनसचे रुग्ण डोळ्यांसमोर होते. आजच्या लेन्समधून डोळ्याला प्राणवायू मिळतो. ज्यांना छोटी कठीण लेन्स सोसत नाही, त्यांच्यासाठी स्क्लेरल लेन्स असते. ती आकाराने मोठी असून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते, आणि पारपटलाला स्पर्श न करता त्यावर निर्जंतुक द्रवाचा थर राखते.

लेन्सने अनेकांची शस्त्रक्रिया टळते, काहींची अनेक वर्षे लांबते. परंतु तिची शिस्त कडक आहे. हात साबणाने धुऊन कोरडे करावे लागतात. लेन्सला विहिरीचे, नळाचे किंवा गाळलेले पाणीही लावावयाचे नसते. केवळ त्यासाठी असलेला द्रवच वापरावयाचा असतो. लेन्स लावून झोपावयाचे नसते. ज्याला मळणीच्या धुळीत किंवा भट्टीजवळ दिवसभर काम करावे लागते, त्याने ही अडचण डॉक्टरांना आधीच सांगावी. लेन्स आणि द्रव यांचा खर्च पुन्हा पुन्हा येतो, हेही घरात बसून मोजावे.

शस्त्रक्रिया दोन प्रकारच्या आहेत. पहिलीत पारपटलाच्या आत अर्धवर्तुळाकार कड्या बसवितात. त्यांमुळे शंकू काहीसा सपाट होतो आणि चष्मा किंवा लेन्स बसविणे सोपे जाते. मधला भाग स्वच्छ असेल आणि पुरेशी जाडी शिल्लक असेल तरच ती शक्य असते. दुसरी म्हणजे पारपटलाचे रोपण. झेक प्रदेशातील ओलोमोउत्स येथे एडुआर्ड झिर्म यांनी १९०५ साली माणसावरील पहिले यशस्वी पारपटलरोपण केले. आता शक्य असेल तेथे पुढचे थर तेवढे बदलून सर्वांत आतला थर रुग्णाचा स्वतःचाच ठेवतात. त्यामुळे त्या थराच्या नाकाराचा धोका उरत नाही. पारपटलावर वण पडला असेल किंवा लेन्स अजिबात सोसत नसेल, तेव्हा रोपण हा खरा आधार ठरतो.

तरीही रोपण म्हणजे एका दिवसात सुटका नव्हे. टाके अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ राहतात. नंतरही पुष्कळांना चष्मा किंवा लेन्स लागते. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा अंधूक दिसू लागले, तर रोपणाला कितीही वर्षे झालेली असोत, त्वरित रुग्णालय गाठावे लागते. तालुक्याच्या गावाहून पन्नास मैल दूर राहणाऱ्या तरुणाने याचा विचार आधीच करावयास हवा. एक इशारा सर्वांसाठी : चष्मा घालविण्यासाठी जी लेसर शस्त्रक्रिया करतात, ती या विकारात धोक्याची आहे, कारण आधीच पातळ झालेले पारपटल तीत आणखी पातळ होते.

तेव्हा डॉक्टरांसमोर बसल्यावर पाच प्रश्न विचारावेत. रोग वाढतो आहे याचा पुरावा काय? पारपटलाची जाडी किती? हा उपचार रोग थांबविण्यासाठी आहे की दिसण्यासाठी? नंतर किती वेळा यावे लागेल? आणि एकूण खर्च किती, शासकीय योजनेतून त्यातले काय मिळेल? तपासणीचे सर्व कागद एका पिशवीत जपून ठेवावेत. जुन्या नकाशाशी तुलना केल्याखेरीज पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

शिक्षकांना माझी विनंती आहे. डोळे सतत चोळणारे मूल आपणांस घरच्यांच्या आधी दिसते. ॲलर्जीने डोळ्यांना खाज सुटते, मूल डोळे चोळते आणि या चोळण्याचा केराटोकोनसशी निकटचा संबंध आढळला आहे. अशा मुलाच्या खाजेवर उपचार व्हावयास हवा. मात्र औषधांच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब परस्पर आणून घालू नयेत, त्यांनी काचबिंदू होऊ शकतो. घरात कोणाला हा विकार असेल, तर भावंडांचीही तपासणी करावी. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या दृष्टिदोषाची तपासणी अंतर्भूत आहे. पथक शाळेत येईल तेव्हा ज्यांचा नंबर वारंवार बदलला अशा मुलांची नावे आपण वेगळी काढून द्यावीत.

पंचायत सदस्यांचे काम दुसऱ्या टोकाला आहे. ज्यांना रोपणावाचून गत्यंतर नाही, त्यांच्यासाठी पारपटल कोणत्याही कारखान्यातून नव्हे, मृत्यूनंतर दान केलेल्या डोळ्यांतून येते. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावे लागते. तोवर पंखा बंद करून पापण्या मिटवाव्यात, त्यांवर ओला कापूस ठेवावा आणि डोक्याखाली उशी द्यावी. जवळच्या नेत्रपेढीचा दूरध्वनी क्रमांक पंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहिला, तर ते मोठे काम होईल.

केराटोकोनसने माणूस सहसा पूर्ण आंधळा होत नाही. परंतु वेळ गेली तर वाचन, वाहन आणि नोकरी ही तिन्ही त्याच्या हातून निसटू शकतात. वेळ साधली तर बहुतेकांना चष्मा किंवा लेन्स यांवर आपला संसार चालविता येतो. ही वेळ साधणे वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाच्या नजरेवर पुष्कळसे अवलंबून आहे.